सेकंडहँड क्रूझरसाठी हाताला सोसवेल असं हँडल कसं निवडावं

मी बजाजची ॲव्हेंजर २२० ही सेकंडहँड क्रूझर मोटरसायकल घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला सरळसोट, बुटकं हँडल बसवलेलं होतं. दिसायला देखणं. पण पुण्याहून निघालं की खंबाटकी घाट लागायच्या आतच दोन्ही करंगळ्या बधिर व्हायच्या आणि दोन खांद्यांच्या मधे पाठ भरून यायची. सीट बदल, कंबरेला पट्टा बांध, असे सल्ले पुष्कळ मिळाले. हँडल बदललं आणि त्रास गेला. सेकंडहँड क्रूझर घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं. गाडी आधीच्या मालकाच्या अंगाला बसवलेली असते, आपल्या नाही.

क्रूझरचे फूटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे पायांवर भार देऊन अंग सावरता येत नाही. सगळं वजन माकडहाडावर येतं. त्यात हँडल अंगापासून लांब असेल तर आपण पुढे वाकतो आणि तळहातांवर रेलतो.

दुखतं कुठे, ते आधी ओळखा

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दाबली जातेय. म्हणजे बहुधा हातांवर भार येतोय आणि हँडल जवळ यायला हवं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्या आल्यासारखं होत असेल तर मनगट वाकडं राहतंय, तिथे हँडलचा कोन चुकलाय. पाठीचा वरचा भाग दुखतो तो हात लांबवून, आणि खांदे भरून येतात ते हँडल फार उंच किंवा फार रुंद असल्याने. गाडीवरून उतरल्यावर तासाभरातही बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

पैसे खर्च करण्याआधी

हँडलला मधोमध धरून ठेवणाऱ्या पकडीचे, म्हणजे क्लॅम्पचे, बोल्ट सैल करा, हँडल थोडंसं मागे फिरवा आणि पुन्हा घट्ट आवळा. ब्रेक आणि क्लचचे लिव्हरही तितकेच फिरवावे लागतात; बोटं लिव्हरवर ठेवली की हाताची मागची बाजू आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत दिसला पाहिजे. असं करून वीस-तीस किलोमीटर चालवून बघा. काहींचं काम एवढ्यावरच भागतं.

जुन्या गाडीत आणखी दोन गोष्टी तपासा. गाडी कधी पडली असेल तर हँडल एका बाजूने वाकलेलं असू शकतं. समोर उभं राहून दोन्ही टोकं टाकीपासून सारख्या अंतरावर आहेत का ते मोजा. आणि पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खटकन अडल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं, गेलाय. तो आधी बदलून घ्या.

माप घेणं

इथे घाई करू नका. एक माणूस मदतीला घ्या. गाडी सरळ उभी धरून सीटवर नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, खांदे सैल सोडा, डोळे मिटा आणि हात आपोआप जिथे विसावतील तिथे पुढे धरा. कोपर किंचित वाकलेलं हवं. आता दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल द्यायला सांगा. डोळे उघडून पाहा: पेन्सिली एका सरळ रेषेत नसतात. बाहेरची टोकं मागे वळलेली आणि जराशी खाली कललेली असतात. हाच तुमच्या मनगटाचा कोन, आणि सरळसोट हँडल नेमका हाच मोडतं.

मदतनिसाने तीन मापं लिहून घ्यावीत: क्लॅम्पपासून मुठी किती उंच, क्लॅम्पपासून किती मागे, आणि दोन मुठींच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. हीच मापं सध्याच्या हँडलचीही घ्या. दोन्हींतला फरक घेऊन दुकानात जायचं.

निवड

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटर जाडीची असते, तर हार्लेच्या अनेक गाड्यांना २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंची. जाडी चुकली तर ग्रिप, स्विच, लिव्हर काहीच बसत नाही. शिवाय मधला क्लॅम्पचा सरळ भाग आणि टोकाकडचा ग्रिप-स्विच-लिव्हर मावेल एवढा सरळ भाग मोजून घ्या.

माझ्या मते सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे त्याच गाडीच्या भावंड मॉडेलचं कंपनीचं हँडल. २०१५ साली ॲव्हेंजर २२० दोन रूपांत आली: स्ट्रीटला बुटकं हँडल, क्रूझला उंच आणि मागे आलेलं. मी क्रूझचं लावलं. खांद्यापेक्षा उंच जाणारी हँडल मात्र टाळा. हात वर धरून दूरवर गाडी चालवणं शिक्षाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, म्हणून अगदी वेगळं हँडल लावायचं असेल तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा.

हँडल उंच झालं की क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, ब्रेक होज (ब्रेकचं तेल नेणारी नळी) आणि वायरिंग अपुरं पडू शकतं. ताणून बसवू देऊ नका, लांब केबल घ्या. होज बदलला तर ब्रेकमधली हवा काढून घ्यावीच लागते.

बसवल्यावर

अनेक स्विचना आतून एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसेल तर काही मेकॅनिक पिनच घासून टाकतात. मग स्विच हाताबरोबर फिरतो. आधी हँडलची जागा पक्की करा, मगच भोक पाडून घ्या.

गाडी न्यूट्रलला सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर नेऊच नका. बोटं टाकीला चेपत नाहीत ना, पूर्ण वळवल्यावर बाहेरच्या बाजूचा हात ग्रिपपर्यंत पोचतो ना, पुढचं चाक उचलल्यावर ब्रेक होज ताठ होत नाही ना, तेही बघा. पहिली फेरी रिकाम्या मैदानात, यू-टर्न घेत मारा. शंभरेक किलोमीटर झाले की क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.