आयफोन की अँड्रॉइड, मॅक की विंडोज: काउंटरमागून सांगते

नाशिकला पंचवटीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन, दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज, असली कामं. मी फोन विकत नाही, म्हणूनच बहुधा लोक फोन घेण्याआधी माझ्याकडे येतात. "ताई, आयफोन घेऊ का सॅमसंग?" यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुझ्या घरात फोन अडला की कोणाच्या हातात देतात?

त्या माणसाकडे जे आहे तेच घेतलेलं सहसा बरं पडतं. आई-वडिलांसाठी फोन घेताना तर हा एकच निकष पुरेसा आहे. भाचा पुण्याला, त्याच्याकडे अँड्रॉइड, आणि मावशीच्या हातात आयफोन. मग "सेटिंगमध्ये जा, खाली ये" हे फोनवर समजावताना दोघांचाही जीव जातो.

स्वतःसाठी घ्यायचा असेल तर आधी आहे त्या फोनलाच विचारा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम. कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरलं ते तिथे दिसतं. बहुतेकांचं चित्र एकच निघतं: व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, यूपीआय, कॅमेरा. ही कामं दोन्हीकडे सारखीच होतात. त्यामुळे "आयफोनवर हे जमतं, अँड्रॉइडवर ते जमत नाही" या वादातला मोठा भाग तुमच्या उपयोगाचाच नसतो. उरलेल्या थोडक्या गोष्टींवर निवड करायची आहे, आणि तिथे आवडनिवड चालते.

कॉम्प्युटरचं, म्हणजे अ‍ॅपलचा मॅक की विंडोज याचं, मात्र तसं नाही. तिथे आधी काम बघायचं, आवड नंतर. सीएकडे आर्टिकलशिप करणार असाल तर हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं, विषय संपला. अंबड-सातपूरच्या कारखान्यात डिझाइनला लागायचं असेल तर सॉलिडवर्क्सही विंडोजचंच. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी तिच्यात नाहीत. टेंडर भरणाऱ्यांनी डिजिटल सहीचं टोकन ज्या मशीनला लावायचं, त्या मशीनसाठी टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतो का ते आधी बघावं. उलट, व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलीला फायनल कटच हवं असेल तर ते फक्त अ‍ॅपलवर. पूर्वी इंटेलच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प करून विंडोज टाकता यायचं. 2020 पासून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यांच्यावर ती सोय राहिली नाही. "मॅक घेतो, लागलं तर विंडोज टाकू" म्हणणाऱ्यांना हे सांगावंच लागतं.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक. तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली असतील, तर त्यातल्या बऱ्याच युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असतील. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की "श्री गणेशाय नमः"च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुगा दिसतो. नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी अशी एक जुनी फाइल पेन ड्राइव्हवर न्या आणि दुकानातच उघडून बघा. पेन ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा ठेवा, तो दोन्हीकडे वाचता येतो आणि लिहिताही येतो. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट असेल तर मॅक फाइल दाखवेल, पण त्यावर सेव्ह करू देणार नाही.

माझ्या टेबलावर विंडोज आहे ते याच फाइलींमुळे. मॅकचा ट्रॅकपॅड मला मनापासून आवडतो, अजून तसा दुसरा हाताला लागलेला नाही. पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना ट्रॅकपॅडचं कौतुक करायला वेळ कोणाला आहे!

जुना विंडोज लॅपटॉप घेणाऱ्यांनी एवढं बघा: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट अ‍ॅप चालवलं की मशीन बसतं की नाही ते कळतं. विकणारा "चालतंय की" म्हणाला तरी चालवून बघाच.

आता फोनची आवडनिवड. ती ओळखायची कशी, तर हातात धरून. एम.जी. रोडला गेलात की डेमोच्या स्क्रीनवरची रंगीत फुलं बघत बसू नका, तिथे ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असतो. फोन एका हातात धरा आणि मराठी कीबोर्ड लावून स्वतःचं नाव, गाव आणि "ज्ञानेश्वर", "कृष्णा", "दुसऱ्या" एवढं टाइप करा. जोडाक्षर लिहिताना बोट अडलं तर रोज अडणार आहे. मग मागे जा. अँड्रॉइडवर डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही कडेवरून बोट आत ओढलं की मागे जाता येतं, आयफोनवर बहुतेक अ‍ॅपमध्ये डाव्या कडेवरून. उजव्या हातात फोन धरणाऱ्याचा अंगठा प्रत्येक वेळी पलीकडे ताणला जातो. काहींना ते जाणवतही नाही, काहींची चार दिवसांत चिडचिड होते. तुम्ही कोणत्या जातीचे ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका माझ्याकडे कागदपत्रांसाठी येतात. त्यांची यादी मला फार आवडली. उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे, दोन सिम पाहिजेत कारण बागेत एकाचीच रेंज येते, आणि बोलून मराठी टाइप झालं पाहिजे, कारण फवारणीचे हात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल यादीत नव्हतेच. त्यांना मी अँड्रॉइडच सांगितला; दोन साधी सिम टाकायची तिथे बहुतेक फोनमध्ये सोय असते. भारतात बहुतेक आयफोनमध्ये एक साधं सिम आणि दुसरं ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम असतं. ते अवघड नाही, पण फोन बिघडल्यावर सिम काढून दुसऱ्यात टाकायची सवय असलेल्याला खटकतं. मेमरी कार्डही आयफोनमध्ये बसत नाही. चार्जरचं मात्र भांडण मिटलंय, 2023 च्या आयफोन 15 पासून तिथेही टाइप-सी आहे.

फोन जास्त वर्षं वापरणार असाल तर सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून गूगल आणि सॅमसंग आपल्या वरच्या फोनना सात वर्षांचं वचन देतात. स्वस्त मॉडेलांना तेवढी मिळत नाहीत, आणि अँड्रॉइड जुनं झालं की एक दिवस बँकेचं अ‍ॅपच उघडत नाही. "ताई, पेन्शन दिसेना" म्हणून येणाऱ्या आजोबांच्या फोनचं दुखणं पुष्कळदा हेच असतं.

एका बाजूकडून दुसरीकडे जाताना खरा त्रास व्हॉट्सअ‍ॅपचा. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायचे तर मूव्ह टू आयओएस अ‍ॅप वापरावं लागतं, आणि तेही आयफोन कोरा असतानाच. आधी उत्साहाने फोन सेट करून बसलात तर पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जिंगला लावा, एकाच वायफायवर ठेवा आणि निवांत वेळ काढा. गूगलवर फुकट जागा 15 जीबी, अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर 5, तेव्हा फोटो कुठे ठेवणार तेही आधीच ठरवा. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं आणि सुरुवातीला रकमेवर मर्यादा असते. मजुरांचा पगार किंवा कॉलेजची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

जुना फोन घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, स्क्रीनवर येईल, तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. आयफोन असेल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून अ‍ॅपल आयडीतून बाहेर पडायला लावा, अँड्रॉइड असेल तर गूगल खातं काढायला लावा. फोन पुसून पुन्हा चालू झाला आणि त्याने जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला नाही, की मगच पैसे द्यायचे.