खारवलेल्या माशात अळ्या पडत होत्या, शेवटी जमलेला उपाय

उन्हाळ्यात गळाने धरलेले मासे खारवून वाळत घातले की तिसऱ्या दिवशी कल्ल्यांपाशी आणि कण्यालगत पांढऱ्या अळ्या दिसायच्या. घरात रांगतं बाळ, त्यामुळे औषध फवारायचा प्रश्नच नव्हता. मीठ वाढवलं, जागा बदलली, वरून कापड टाकलं; ते माशाला चिकटलं आणि माश्यांनी त्यावरूनच अंडी घातली. तीन वेळा सगळे मासे फेकले, फार जीव तुटला.

जमलं ते असं. मासा धरल्याबरोबर पोट साफ केलं, कल्ले पूर्ण काढले. पाठीतून चिरून पसरट उघडला आणि कण्यालगतचं काळसर रक्त नखाने खरवडून धुतलं. माझ्या मते खरी चूक तिथेच होत होती, कारण ते रक्तच आधी नासतं. मग १ किलो माशाला ३०० ग्रॅम जाडं मीठ चोळून, वर वजन ठेवून, थंड जागी २४ तास. सुटलेल्या पाण्यात मासा बुडालेलाच ठेवला. नंतर झटकन विसळला, निथळवला आणि कमरेइतक्या उंच जाळीवर उन्हात मांडला. मच्छरदाणी माशापासून वीतभर वर ताणली, कडा दगडांनी दाबल्या. संध्याकाळी मासे घरात.

पाच दिवसांत खडखडीत वाळले, अळी एकही नाही. बाळाला मात्र यातलं काही देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला इतकं मीठ चालत नाही.