तीन पडदे, एक क्षितिज : घरच्या सिम्युलेटरचा माझा अनुभव

एक्स-प्लेन १२ या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी २७ इंची तीन मॉनिटर जोडून ग्राफिक्स कार्डाच्या सोयीने त्यांचा एकच रुंद पडदा केला, तेव्हा मधले चित्र ठीक दिसत असले, तरी कडेच्या पडद्यांवरील इमारती ताणल्यासारख्या दिसत आणि सेसना १७२ हे छोटे विमान वळवताना क्षितिज चौकटीपाशी तुटे. याचे कारण असे, की अशा रचनेत संगणक तिन्ही पडदे एका सपाट भिंतीवर आहेत असे धरून चित्र काढतो, प्रत्यक्षात मात्र बाजूचे पडदे आपल्याकडे वळवलेले असतात.

म्हणून ती जोडणी रद्द करून प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र दृश्य दिले. पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंमी आणि डोळ्यांपासूनचे अंतरही तेवढेच असल्याने प्रत्येक पडद्याने व्यापलेला नजरेचा कोन ५३ अंश येतो. बाजूच्या दृश्यांना मात्र मी ५५ अंशांचे आडवे विचलन (मधल्या दृश्यापासून बाजूला वळण्याचा कोन) दिले, कारण दोन चौकटींची मिळून होणारी जाडीही मोजावी लागते. ती सोडली की धावपट्टीची कड सांध्यावर हमखास पायरीसारखी दिसते. पडदेही तेवढ्याच कोनात वळवले आणि खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या सुतळीने तिन्हींच्या मध्यापर्यंतचे अंतर जुळवले (टेपपेक्षा सुतळी बरी, एकट्याने धरता येते).

तीन दृश्ये वेगवेगळी काढावी लागत असल्याने फ्रेम रेट (दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) बराच उतरला. त्यावर इमारती-झाडांची घनता कमी करणे हाच उपाय लागू पडला. आता जुहू विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीसाठी डावीकडे वळताना ती बाजूच्या पडद्यावरून मधल्या पडद्यावर सलग सरकते.