प्रिंटर घेताना आधी बघा, छापणार किती वेळा
महिन्याकाठी एखाद-दुसरंच पान छापायचं असेल, तर स्वस्त दिसतो म्हणून इंकजेट घेऊ नका. त्याच्या हेडमधली, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागातली, छिद्रं केसाहूनही बारीक असतात. प्रिंटर पडून राहिला की शाई तिथेच सुकते. मग हेड क्लीनिंग करत बसायचं, त्यात शाई जाते ती वेगळीच. घरात इंकजेट असेलच, तर आठवड्याला एक रंगीत पान काढत जा. आणि बंद करायचा तो त्याच्याच बटणाने. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला, तर हेड झाकणाखाली जायचं राहून जाऊ शकतं, अन् उघड्यावर शाई सुकते.

लेझर प्रिंटरला ही कटकट नाही. त्यात शाई नसून टोनरची कोरडी पूड असते. लेझरचा किरण ड्रमवर (आतल्या फिरत्या नळकांड्यावर) विद्युतभाराने अक्षरं उमटवतो, पूड तिथे चिकटते, कागदावर उतरते आणि तापलेला रोलर ती वितळवून पक्की करतो. म्हणूनच पान कोमट बाहेर येतं, अन् पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर फुटत नाही. फोटोंसाठी मात्र इंकजेटच सरस.

थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणाऱ्या, प्रिंटरची पावती काळाने पुसट होते. वॉरंटीची असेल तर लगेच फोटो काढून ठेवा.