गूगल शीट्समध्ये स्वतःचं फंक्शन: आकडा द्या, अक्षरी रुपये घ्या

एक्सेलमध्ये बाथटेक्स्ट नावाचं एक फंक्शन आहे. त्याला आकडा दिला की ते थाई भाषेत अक्षरी रक्कम लिहितं आणि शेवटी 'बाथ' जोडून देतं. आपल्या रुपयांसाठी तसलं काही नाही, ना एक्सेलमध्ये, ना गूगल शीट्समध्ये. आणि आपल्याकडे पावती असो, व्हाउचर असो की चेक, 'अक्षरी रुपये' ही ओळ काही चुकत नाही. मी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची खजिनदार. व्हाउचरं शीट्समध्येच करते, म्हणून हे फंक्शन स्वतःच लिहून घेतलं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख असेल तर एका दुपारचं काम आहे. कोड इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा असतो. इथे मी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे.

शीट संगणकावर उघडा. वरच्या मेनूत एक्स्टेन्शन्स, त्यात ॲप्स स्क्रिप्ट. नवा टॅब उघडतो आणि त्यात मायफंक्शन नावाचं रिकामं फंक्शन आधीच मांडून ठेवलेलं असतं. ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच, फक्त ती गूगलच्या सर्व्हरवर चालते. त्या फंक्शनचं नाव बदलून 'अक्षरी' करा, रोमन स्पेलिंगमध्ये, म्हणजे सेलमध्ये फॉर्म्युला लिहिताना कीबोर्डची भाषा बदलत बसायला नको. कंसात एकच इनपुट घ्या: रक्कम. सेव्ह केलं की सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून ते सम किंवा राउंडसारखंच वापरता येतं.

नावाची दोन पथ्यं आहेत. शीट्सच्या एखाद्या तयार फंक्शनचं नाव घ्यायचं नाही. आणि नावाच्या शेवटी अंडरस्कोअर द्यायचा नाही, कारण तसं फंक्शन खासगी समजलं जातं आणि शीटला दिसत नाही. हे दुसरं पथ्य उलटं वापरून घ्या: आतल्या मदतनीस फंक्शनच्या नावाला मुद्दाम अंडरस्कोअर लावा. मी त्याला 'शब्दात' म्हणते. मुख्य फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट लिहा आणि तिच्यात ॲट चिन्हाला जोडून कस्टमफंक्शन हा शब्द टाका. मग सेलमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करताच शीट्स तुमचं फंक्शन सुचवतं, खाली तुमचा खुलासाही दाखवतं. आमच्या सेक्रेटरींना तेवढ्यानंच पटलं की हे खरंखुरं फंक्शन आहे.

आता खरं काम. इंग्रजीत एकोणीस शब्द आणि दहादहाचे आठ टप्पे यांवर नव्याण्णवपर्यंत पोचता येतं. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक संख्येला स्वतःचं रूप आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा नियम सापडला म्हणावं तर शेवटी नव्याण्णव येऊन तो मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसला 'वीस सात' म्हणायची पद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला. कोड लिहिणाऱ्याच्या सोयीची पद्धत तीच, पण चेकवर 'वीस सात' लिहून बघा! तेव्हा शॉर्टकट शोधू नका. सरळ शंभर खणांचा ॲरे, म्हणजे क्रमवार यादी, करा. शून्याव्या खणात रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, ठेवा, म्हणजे एकविसाव्या खणात बरोबर 'एकवीस' येतं आणि पुढे एक मिळवा, एक वजा करा ही कटकट उरत नाही. भले भले अडखळतात तो शेवटचा टप्पा इथे देते, एक्क्याऐंशीपासून:

एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव.

ॲरे झाला की 'शब्दात' हे मदतनीस फंक्शन अगदीच साधं आहे. वहीत ते मी असं मांडलं होतं:

कोटी = तळ(संख्या ÷ १,००,००,०००), बाकी पुढे
लाख = तळ(बाकी ÷ १,००,०००), बाकी पुढे
हजार = तळ(बाकी ÷ १,०००), बाकी पुढे
शेकडा = तळ(बाकी ÷ १००), बाकी पुढे
उरलेले = बाकी

'तळ' म्हणजे मॅथ डॉट फ्लोअर, बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह. व्हेरिएबलची नावं मी खरोखरच देवनागरीत ठेवली आहेत, लाख, हजार वगैरे. जावास्क्रिप्टला ती चालतात. अंक मात्र कोडमध्ये इंग्रजीच हवेत, आणि स्वल्पविरामांशिवाय. आता १,२५,१०५ घ्या. कोटी शून्य, लाख एक, हजार पंचवीस, शेकडा एक, उरलेले पाच. जे खण शून्य ते गाळायचे, बाकीचे जागा सोडून जोडायचे: एक लाख पंचवीस हजार एकशे पाच. कोटींचा आकडा नव्याण्णवच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून तिथे ॲरे न वापरता 'शब्दात' फंक्शनलाच पुन्हा हाक मारा. एकशे पंचवीस कोटी आपोआप येतात.

शेकड्याला एक खोच आहे. दोनशे, पाचशे, नऊशे हे ॲरेतला शब्द अधिक 'शे', मध्ये जागा न सोडता. पण शेकडा एक असेल आणि मागे काहीच उरलं नसेल तर 'एकशे' नाही, 'शंभर'. म्हणून १,१०० चं एक हजार शंभर, १,१०१ चं एक हजार एकशे एक. बोलताना आपण अकराशे, दीड हजार, अडीच लाख म्हणतो ते फंक्शनमध्ये आणू नका. व्हाउचरवर 'दीड हजार' दिसलं की ऑडिटर चष्म्यावरून बघतो.

पैसे वरवर सोपे वाटतात, पण तिथेच लोक फसतात. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० म्हणजे १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. अशावेळी तळ घेतला तर नव्याण्णव पैशांचे अठ्ठ्याण्णव होतात. म्हणून सगळ्यात आधी रकमेला १०० नं गुणून मॅथ डॉट राउंड करा. आता हातात पूर्णांकी पैसे आहेत. त्यांना १०० नं भागून तळ घेतला की रुपये, बाकी म्हणजे पैसे. एक असेल तिथे 'रुपया' आणि 'पैसा', अन्यथा 'रुपये' आणि 'पैसे'. शेवटी 'फक्त'. काही ऑफिसांत 'मात्र' चालतं, तुमच्याकडचा रिवाज पाळा.

सेलमध्ये नेहमी शहाणा आकडाच असेल असं नाही. रिकामा सेल आला तर रिकामंच परत द्या, नाहीतर खाली कोऱ्या ओळींवर 'शून्य रुपये फक्त' अशी रांग लागते. ऋण रक्कम किंवा मजकूर आला तर थ्रो वापरून एरर द्या आणि संदेश मराठीत लिहा, 'रक्कम आकड्यात लिहा' असा. सेलमध्ये एरर दिसते, त्यावर माउस नेला की तुमचं वाक्य. कुणी देवनागरी अंकांत टाइप केलं आणि ते मजकूर म्हणून आलं, तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन हात वर करतं. तिथे प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करा. '०' चा क्रमांक २४०६ आहे, त्यामुळे '७' मधून बरोबर सात निघतो.

दीडदोनशे ओळींवर हेच फंक्शन ओढलं की शीट रखडते, कारण प्रत्येक सेल सर्व्हरला वेगळी हाक मारतो. त्यापेक्षा फंक्शनला सगळी रेंज, म्हणजे सेलांचा अख्खा पट्टा, एकदम द्या. रेंज आत येते ती ओळींचा ॲरे म्हणून. आलेलं ॲरे आहे का ते तपासा; असेल तर मॅपनं प्रत्येक ओळ, तिच्यातला प्रत्येक सेल त्याच फंक्शनमधून काढा आणि तसाच ॲरे परत करा. उत्तरं खालच्या सेलांत आपोआप पसरतात. तिथे आधीच काही लिहिलेलं असेल तर पसरत नाहीत, तेवढी जागा मोकळी ठेवा. फंक्शनला उत्तर द्यायला ३० सेकंदांची मुदत असते. या कामाला ती पुरून उरते.

असं फंक्शन फक्त स्वतःचं उत्तर देऊ शकतं. दुसऱ्या सेलात लिहिणं, मेल पाठवणं त्याला जमत नाही, आणि म्हणून ते परवानगीही मागत नाही. नाऊ किंवा रँडसारखी सतत बदलणारी फंक्शनं त्याच्या कंसात टाकू नका, सेल नुसता लोडिंग दाखवत राहतो. एका ओळीच्या हिशोबासाठी तर स्क्रिप्टची गरजच नाही. डेटा मेनूतलं नेम्ड फंक्शन्स पुरतं. शंभर खणांचा ॲरे मात्र तिथे कोंबत बसू नये.

तपासायला एका कॉलममध्ये हे आकडे मांडा: ०, १, १००, १०१, १,१००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००,०००, १९.९९, आणि एक कोरा सेल. मोठ्यानं वाचा. चूक डोळ्याआधी कानाला कळते.

कोड त्या एका शीटपुरताच असतो. फाइलची कॉपी केली तर तो सोबत जातो, नव्या कोऱ्या शीटमध्ये मात्र पुन्हा पेस्ट करावा लागतो. ऑडिटरला एक्सेल फाइल हवी असेल तर तिथे 'अक्षरी' फंक्शन नाही हे ध्यानात ठेवा: डाउनलोड करण्याआधी तो कॉलम कॉपी करून त्याच जागी कंट्रोल, शिफ्ट, व्ही दाबा, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसता मजकूर राहतो.