आडनावाचा अर्थ शोधायचा कसा?
भाऊ, आधी आडनावाचं शेपूट पाहा. 'कर' असन तं समोर बहुतेक गावच असते, वरुडकर म्हणजे वरुडचे, पुसदकर पुसदचे. आता अणूचं केंद्रक १९११ मध्ये जगाले सांगणारा रदरफर्ड घ्या, त्यातलं शेवटचं 'फर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडता येते तो उथळ उतार, आपल्या पांदणीवर नाल्यात असते तसाच, अन् त्या नावाचं ठिकाण हाय स्कॉटलंडात, पण हा गडी जन्मला १८७१ मध्ये न्यूझीलंडले! म्हणून आडनावातल्या गावात आपलं वावर असनच असं नाही. मंग तहसीलीतून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढा, मोडी लिपीत असन तं वाचणारा धरा. गूगलवर भरोसा नका ठेवू, तिथं सगळ्यायचेच पूर्वज राजे निघतात.