सहा महिने मुलाकडे राहून गावी परतताय? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

मे महिन्यात घराला कुलूप लावून अमेरिकेला गेलेले आई-बाबा ऑक्टोबरात गावी परततात, हे आता यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यांतही नवलाचं राहिलं नाही. पोरगा पुण्याहून तिकडे गेला, नातवंड झालं, की म्हाताऱ्यांची वारी ठरलेलीच. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेत साधारण सहा महिने राहता येतं. त्यामुळे इथला उन्हाळा चुकवायचा आणि दिवाळीच्या आत परतायचं, असा बहुतेकांचा हिशेब असतो.

जायची तयारी दोन-दोन महिने चालते. कुरड्या, सरगुंडे, लोणच्याच्या बरण्या, बॅगा वजनकाट्यावर चढवणं-उतरवणं. परतायची तयारी मात्र कोणी करत नाही. आपलंच तर घर, त्यात कसली तयारी! पण ते घर अख्खा पावसाळा बंद होतं, एवढंच लक्षात राहत नाही.

दरवर्षी परतलेल्यांचं पाहिलं, तर बहुतेक चुका एकाच जातीच्या निघतात. पहिल्या दोन दिवसांत करायची कामं दिवाळीनंतरवर ढकलली जातात, आणि दिवाळीनंतर सावकाश ठरवायच्या गोष्टी पहिल्याच आठवड्यात उरकल्या जातात.

मध्यरात्री पोचून त्याच घरात झोपणं

नागपूरला उतरायला रात्र होते. तिथून गाडी करून गावात पोचेपर्यंत एक-दीड वाजतो. मोबाइलच्या उजेडात कुलूप काढायचं, पलंगावरची चादर झटकायची आणि आडवं व्हायचं. दीड दिवस प्रवास केलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे खरं. तरी हे करू नका. ती रात्र नागपुरात किंवा तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे काढा आणि घरात उजेडी शिरा. शेजारी विश्वासाचा असेल तर आठ दिवस आधीच त्याला किल्ली देऊन दारं-खिडक्या उघडून ठेवायला सांगा.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. पावसाळ्यात बंद घर म्हणजे उंदरांना आसरा, आणि उंदरामागे साप येतोच. आपल्याकडे सगळ्यात फसवा तो मण्यार. तो रात्री फिरतो, त्याचे दात बारीक असतात आणि झोपेत चावला तर पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. प्रवासाचा शीण असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि घात होतो. असं काही वाटलं तर सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं, मांत्रिकाकडे मिळत नाही. त्याच रात्री घरात झोपणं भागच असेल, तर गादी उचलून खालून-वरून पाहा, पलंग भिंतीपासून दूर ओढा आणि मच्छरदाणी चहूबाजूंनी गादीखाली खोचा. जमिनीवर अंथरूण नको.

दार उघडल्यावर पहिला हात बटणाकडे जातो, तोही आवरा. आधी गॅसचा वास येतो का ते घ्या. रबरी नळी उंदरांनी कुरतडलेली असू शकते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नका. नळीवर छापलेलं साल पाहा, पाच वर्षं झाली असतील तर बदलूनच टाका.

आंगण साफ करायची घाई, तीही चपलेवर

कमरेएवढं गवत पाहून बायकांचा जीव वरखाली होतो. "लोक काय म्हणतीन, घर हाय का वावर!" मग विळा घेऊन सुरुवात. इथे दोन मिनिटं थांबा. पावसाळ्याच्या शेवटी अशा गवतात, झुडपात बारीक किडे असतात आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली होती, माणसंही दगावली होती. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, पँट मोज्यांत खोचलेली, अशा तयारीनं काम करा. जमलं तर गवत कापायला मजूरच लावा, पण त्यालाही बूट द्या. काम झालं की कपडे सरळ गरम पाण्यात टाका आणि अंग घासून आंघोळ करा. तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग हातानं ओढू नका, आधी काठीनं हलवा.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'हवा बदलली' म्हणून गोळी घेऊन पडून राहू नका. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे विडीनं चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते का, ते घरच्या माणसाकडून पाहून घ्या. खपली दिसली नाही तरी डॉक्टरला दोन गोष्टी सांगाच: परदेशातून आलो आणि गवतात काम केलं. दुसरी गोष्ट सांगितली नाही, तर डॉक्टर तिकडचाच आजार शोधत बसतो. वेळेत निदान झालं तर औषध स्वस्त आहे आणि बहुतेकांना लवकर उतार पडतो.

टाकी आणि कूलरची गंमत वेगळीच. लोक म्हणतात, टाकी रिकामी होती, मच्छर कुठून आले? डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात. पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून नुसतं खळखळून चालत नाही. टाकी, रांजण, कूलरचा टब हे सगळं ब्रशनं कडेकडेनं घासा, पाणी ओतून द्या आणि मगच भरा.

उधईचं, म्हणजे वाळवीचं, थोडक्यात सांगतो. दाराची चौकट, लाकडी देवघर आणि कपाटाची मागची बाजू बोटानं वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर वरची माती खरवडून काम भागत नाही, जमिनीत औषध सोडावं लागतं. सातबारा, खरेदीखत, पासबुकं लाकडी पेटीत ठेवून गेला असाल तर ती पेटी सगळ्यात आधी उघडा.

तिकडचं मिक्सर इकडच्या बोर्डात

मुलगा प्रेमानं काहीतरी देतोच: मिक्सर, पाय शेकायचं यंत्र, राइस कुकर. अमेरिकेत घरात 120 व्होल्टची वीज असते, आपल्याकडे 230 व्होल्टची. बाजारात मिळणारा अडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. वस्तूच्या मागे '100-240' असं छापलेलं असेल तरच सरळ लावा. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ते बहुतेक असतंच. नुसतं '120' असेल तर लावल्याबरोबर धूर. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण गरम होणाऱ्या वस्तूंना एवढा मोठा लागतो, की त्या पैशात इथलंच नवं यंत्र येतं. त्यातून खेड्यातली वीज कधी मंद, कधी एकदम फणफणलेली. माझं मत विचाराल तर विजेवर चालणारं काही आणूच नका.

औषधांची सरमिसळ

तिकडचं टायलेनॉल आणि इकडचं पॅरासिटामॉल हे एकच औषध आहे. पिशवीत दोन्ही असतात, अंग दुखतं म्हणून सकाळी एक आणि ताप वाटला म्हणून दुपारी दुसरं घेतलं जातं. डोस दुप्पट होतो. बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही तसंच: तिकडच्या डॉक्टरनं नाव बदललेलं असतं, घरात जुनी पत्ती पडलेली असते आणि दोन्ही सुरू राहतात. डब्या तशाच घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा आणि कुठली ठेवायची, कुठली फेकायची हे विचारून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी वेळ बदलण्याबद्दल निघायच्या आधीच विचारलेलं बरं. मुलगी ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा ब्रिटनला असेल तर तिकडच्या रिपोर्टात साखर 7, 8 अशी दिसते. ती 18 ने गुणा. 7 म्हणजे आपले 126.

एक पाय सुजला, पोटरी दुखतेय, असं झालं तर तेल चोळत बसू नका. लांबच्या विमानप्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि हा धोका पुढे काही आठवडे राहतो. दोन्ही पाय थोडे सुजले तर बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतात. एकच सुजला किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

झोपेचं म्हणाल, तर दिवस-रात्र साफ उलटे होतात आणि सावरायला आठ-दहा दिवस लागतात. दुपारी जेवून ताणून दिली की रात्री दोन वाजता टक्क जाग. डुलकी अर्ध्या तासाची घ्या, गजर लावून. दिवसा अंगणात, उजेडात वावरा. आणि हे दिवस मोटरसायकल चालवू नका. बॅटरी उतरलेली असतेच, तेवढंच निमित्त.

आधी चॉकलेट, मग दुःख

ही चूक घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण गाव लक्षात ठेवतं. सहा महिन्यांत गावात दोन-चार माणसं गेलेली असतात. कोणाचा जवान पोरगा, कोणाची म्हातारी. आपण आल्या आल्या चॉकलेटच्या पुड्या घेऊन गल्लीभर फिरतो, आणि ज्या घरी माणूस गेलं त्या दारावरून तसेच पुढे जातो किंवा तिथेही पुडी ठेवतो. आल्याच्या दिवशी शेजाऱ्याला आधी हेच विचारा: आम्ही नसताना कोण कोण गेलं? त्या घरी दोघांनी मिळून, रिकाम्या हातानं जाऊन बसा. फोनवर बोलणं झालं असलं तरी जा. मग लग्नं: ज्यांची हुकली त्यांच्याकडे आहेर पोचवा. वाटावाटी त्यानंतर.

भेटायला येणारे विचारतातच, "काय म्हणते भाऊ अमेरिका? पोराले पगार किती हाय?" आकडा सांगू नका. डॉलरचा रुपयात गुणाकार गावाला येतो, तिकडचं घरभाडं, विमा आणि पाळणाघराचा खर्च कोणी वजा करत नाही. महिन्याभरात उसनवारीला पाच जण येतात. नाही म्हटलं तर वैर, हो म्हटलं तर पैसे गेले.

वावराचा हिशेब पहिल्याच भेटीत

ऑक्टोबरात सोयाबीन निघालेलं असतं किंवा निघत असतं. सहा महिने फोनवरून शेती केलेली, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकलेल्या. उतारा कमी दिसला की बटईदारावर, म्हणजे वाट्यानं वावर कसणाऱ्यावर, संशय येतो, आणि चहाच्या आधीच "एवढंच कसं झालं?" निघून जातं. आधी आजूबाजूच्या चार वावरांत काय उतरलं ते पाहा. अडत्याची पट्टी, खत-बियाण्यांची बिलं, मळणीत निघालेल्या पोत्यांचा आकडा मागा आणि समोरासमोर बसून मांडा. खोट निघालीच तर बटई पुढच्या पाडव्याला सोडा. हंगामात माणूस तोडला तर हरभरा कोण पेरणार?

खरीपाची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद, झाली का, हे मात्र लगेच तपासा. ॲपवर पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, त्यामुळे शिकागोतून ते होत नाही. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर हमीभावाच्या खरेदीत नोंदणी अडते. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. नोंद नसेल तर व्यापारी देईल त्या भावात विकणं आलं. शेतकऱ्यासाठीची मुदत गेली असली, तरी राहिलेली पाहणी सहायकामार्फत होते. तलाठ्याला भेटून विचारा, तीही तारीख निघून जाते.

बोअर, वरचा मजला, ट्रॅक्टर, शेजारचं विकाऊ वावर, यातलं काहीही संक्रांतीपर्यंत नको. मुलगा तिकडून म्हणतो, "बाबा, पैसे पाठवतो, घेऊन टाका." तो प्रेमापोटी म्हणतो आणि आपण झोप न झालेल्या डोक्यानं हो म्हणतो. विसार दिला की परत येत नाही.

फोन आणि पेन्शन

मोबाइल नंबर 90 दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. बँक आणि आधार सगळं त्याच नंबरवर. नंबर गेला असेल तर पासबुक घेऊन आधी बँकेच्या शाखेत जा आणि जुना नंबर काढायला अर्ज द्या. मग आधार केंद्रावर नवा नंबर जोडा, त्यासाठी स्वतः जावं लागतं. पुढच्या खेपेला निघण्याआधी पुरेसं रिचार्ज मारा आणि फोन तिकडेही अधूनमधून सुरू करा.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला दिवाळीच्या गडबडीत विसरू नये. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांना चेहरा दाखवून मोबाइलवरही तो देता येतो. नातवाच्या वयाचं कोणीही पोट्टं करून देईल.

नातवाचा फोन लागेना, लागला तर तो बोलेना, ही तक्रारही नोव्हेंबरातलीच. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. शिकागो-डलासकडे आपल्या संध्याकाळी सातला आधी सकाळचे साडेआठ वाजलेले असत, आता साडेसात, म्हणजे ऐन शाळेची धांदल. फोन शनिवारी-रविवारी लावा, रात्री आठला.